रकाना क्रमांक सात

सिरॅक्यूज शहरात, जुन्या मेणबत्ती कारखान्याच्या
तिसऱ्या मजल्यावर मी पाकिटं फोडते.
ताशी एकोणीस डॉलर.
बाहेर बर्फ ढकलणारी गाडी दिवसभर मागे-पुढे,
आत दावेदार: आज सकाळपर्यंत दोन लाख चौदा हजार.

खटला एका पाउचचा.
वर पालकाचं पान, नुकतं दव पडल्यासारखं ओलं,
शेजारी चार मटार, आणि गोलमटोल अक्षरांत:
पहिला घास, खरा घास.
मागच्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत,
नाशपातीचा गर, सफरचंदाचा रस, पाणी,
आणि पार शेपटाला पालक.
कंपनीने चूक कबूल केलेली नाही.
पैसे द्यायचं तेवढं कबूल केलंय.

ऑस्ट्रँडर साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं:
नाव, पत्ता, सही.
रकाना सातमध्ये पाउच किती.
पावत्या असतील तर कितीही,
नसतील तर जास्तीत जास्त दहा.
बाकी काही वाचत बसू नकोस.

पण लोक पाठवतात.
कुणी झाकणं पाठवली, बत्तीस, दोऱ्यात ओवून.
कुणी बाळाचा फोटो, हनुवटीवर हिरवट ओघळ.
एका आजोबांनी विचारलंय, पाउचं मीच खायचो,
दात काढले होते तेव्हा, चालेल का?
चालतं. दहा.

आणि काल व्हर्ना डालक्विस्ट, मुक्काम ऑस्वेगो,
पिवळ्या कागदावर, पाठपोट:

"पावत्या नाहीत. मी सुपरमार्केटात रात्रपाळीला होते.
ही पाउचं मीच फळीवर लावायचे,
पान समोर येईल अशी,
आणि सुटताना चार स्वतः विकत घ्यायचे.
माझा एल्डन पालक खातो, हे मी सगळ्यांना सांगितलं.
नणंदेला तर मुद्दाम. तिची मुलं भाजीला शिवत नाहीत.
मग तो वर्षाचा झाला. मी खरा पालक आणला,
निवडला, उकडला, वाटला, गाळून घेतला.
त्याने थुंकून टाकला.
पुन्हा केला. लोणी घालून. कोमट. गार. बटाट्यात लपवून.
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
की जणू मी त्याला फसवतेय.
मला वाटलं, माझ्याच हाताला चव नाही.
मग मी फारसं काही करेनाशीच झाले.
डबे आणायचे, गरम करायचे.
तो आता सहा वर्षांचा आहे.
परवा तुमचं कार्ड आलं, तेव्हा कळलं
त्याला काय आवडत होतं ते.
याचे किती होतात?"

रकाना सातमध्ये मी दहा लिहिले.
पत्र स्कॅन केलं. शेरा: असंबद्ध मजकूर.
यंत्राने हिरवी खूण दिली.

दर पाउचला एकतीस सेंट.
जूनमध्ये तिला तीन डॉलर दहा सेंटचा चेक जाईल,
नव्वद दिवसांत वटवायचा, नाहीतर रद्द.
पालकाची जुडी आमच्याकडे तीन डॉलरला मिळते,
उरलेल्या दहा सेंटचं काय करावं
हे तिचं ती बघेल.

जेवणाच्या सुट्टीत मी साहेबांना विचारलं,
दावेदाराला उत्तर पाठवता येतं का?
नमुना आहे की, ते म्हणाले, 'आपला अर्ज मिळाला.'
एवढंच?
त्यांनी सँडविचचा कागद नीट चौकोनी दुमडला.
एवढंच.

मी नमुना छापला. घडी घालायच्या आधी
कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं:
नाशपाती होती, बाई. तुमच्या हाताला काही झालेलं नाही.

लगेच खोडलंही, नोकरी आहे.
रबराचे कण फुंकून टाकले.
पण मी पेन्सिल फार दाबून चालवते,
शाळेपासूनची खोड.